तिकडे काय काम होतं?

सायकलवर लांब जाऊन आलेल्या माणसाला पुण्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. किती किलोमीटर झाले, हा पहिला. सायकल कितीला पडली, हा दुसरा, आणि तो जास्त आस्थेनं विचारला जातो. माझ्या वडिलांनी यातला एकही मला कधी विचारला नाही. ते विचारतात, “तिकडे काय काम होतं?” खडकवासल्याला जाऊन आले तेव्हा विचारलं. कात्रजचा घाट चढून जुन्या बोगद्यातून शिंदेवाडीला उतरले आणि तोच घाट उलटा चढून घरी आले, तेव्हाही विचारलं. काही काम नव्हतं म्हटलं की ते “बरं” म्हणतात आणि पेपर पुढे ओढतात. त्या “बरं”मध्ये राग नसतो. हिशेब लागला नाही की माणूस पाटी बाजूला ठेवतो, इतकंच.

बाबांचा हिशेब सरळ आहे. ते खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते. कसबा पेठेतून निघायचं, नव्या पुलावरून नदी ओलांडायची, शिवाजीनगर, वाकडेवाडी करत भोंगा व्हायच्या आत गेटातून आत जायचं. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत रेनकोट, हिवाळ्यात कानाला मफलर, हँडलला डबा. पाळी सुटली की वाकडेवाडीचा सगळा रस्ता सायकलींनी भरून जायचा, आणि दोघं-तिघं शेजारी शेजारी गप्पा मारत घरी यायचे. ही वर्षानुवर्षांची ये-जा त्यांनी कधी किलोमीटरमध्ये मोजली नाही. त्याला व्यायाम म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं. पुढे घरात लुना आली. लुना 1972 पासून आमच्या पुण्याच्याच कायनेटिकनं काढलेली, त्यामुळे शहराला तिचं घरच्या पोरीसारखं कौतुक. आमच्याकडे ती आली त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू वाहिलं आणि वाड्यात पेढे वाटले. सायकल दूधवाल्याच्या मुलाला देऊन टाकली. तिला निरोप द्यायला कुणी दारात उभं राहिलं नाही.

ज्या कष्टातून सुटका झाली म्हणून पेढे वाटले, तेच कष्ट मी पन्नाशीच्या तोंडाशी पैसे मोजून विकत आणले. बाबांचा प्रश्न खरा इथून येतो, हे मला हळूहळू समजत गेलं.

पण गंमत अशी की सायकल आपल्याकडे पहिल्यांदा आली तीही हौसेचीच वस्तू म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. नांगर आणि पंप फार पुढचे, घराण्याच्या उद्योगाची सुरुवात या दुचाकीनं झाली. तेव्हाची गिऱ्हाइकं साहेब आणि सुखवस्तू मंडळी. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं हवा भरायच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याआधी सायकलवर बसणं म्हणजे भरीव रबरावर हाडं मोकळी करून घेणं होतं, म्हणजे ते काम हौशी माणसानंच करावं. मधल्या काळात ती स्वस्त झाली, गिरणीत गेली, पोस्टात गेली, दुधाचे कॅन आणि पाववाल्याची पेटी वागवू लागली, आणि पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. मग ज्याला परवडलं त्यानं ती सोडली. आता ती पुन्हा हौशी लोकांच्या हातात आली आहे, हेल्मेट आणि रंगीत चष्म्यासकट. मधल्या कष्टाच्या तीन-चार पिढ्या वजा केल्या तर आम्ही बेळगावच्या त्या साहेबांच्याच रांगेत बसतो. हे मला फारसं आवडत नाही, पण आहे ते आहे.

शाळेत असताना माझ्याकडे लेडीज सायकल होती. कॉलेज संपता संपता ती गेली आणि नंतर सगळा जन्म स्कूटरवर. त्यामुळे तोल नव्यानं शिकायचा नव्हता. तो पायांत तसाच होता. नवीन होतं ते बाकी सगळं. पहिले काही दिवस मांड्या दुखतील या तयारीनं मी होते, आणि दुखलं भलतंच. आपण ज्या दोन हाडांवर बसतो त्यांची ओळख मला शरीरशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सायकलच्या सीटनं जास्त नीट करून दिली. मऊ, रुंद सीट घेतली की सुख होईल असं वाटतं. अर्ध्या तासापुरतं ते खरंही असतं. त्यापुढे मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि नको तिथे दाब येतो, म्हणून लांब जाणारे अरुंद आणि टणक सीट घेतात. शिवाय पॅड लावलेली चड्डी. ती मी पहिल्यांदा घातली तेव्हा वरून सैल सलवार घालून, कुणी बघत नाही ना याची खात्री करून जिना उतरले. आता तशीच वाण्याकडेही जाते.

गिअरचंही तसंच. जोर लावून पायडल दाबायचं म्हणजे सायकल चालवणं, अशीच आपली जुनी समजूत असते, कारण जुन्या सायकलीला दुसरा इलाजच नव्हता. गिअरच्या सायकलीवर पाय दाबायचे नसतात, फिरवायचे असतात. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे, चढ आला तरी तीच लय, फक्त गिअर हलका करायचा. वेग कमी होतो तो होऊ द्यायचा. याचं कारण साधं आहे. दाबून चालवलं की मांडीचे स्नायू लवकर संपतात आणि गुडघे कुरकुरतात. हलकं आणि भरभर फिरवलं की ओझं छाती आणि हृदयावर जातं, आणि ते दम खाऊन पुन्हा तयार होतात. हे कागदावर पटकन पटतं. पायांना पटायला एक अख्खा पावसाळा गेला.

आमच्या पेठेतल्या सायकलवाल्याला माझी सायकल अजून पूर्णपणे पटलेली नाही. तो आउट काढतो, आरे ताणतो, ब्रेकचे गुटके बदलतो, सगळं मनापासून. पण हिच्या चाकाचा वॉल बारीक, परदेशी पद्धतीचा. त्याच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. मी खिशातून पितळेचं छोटं टोपण काढून वॉलवर बसवते तेव्हा तो दर वेळी तितक्याच कुतूहलानं बघतो आणि म्हणतो, “एवढ्याशानं अडलं होतं होय.”

लांब जायला लागल्यावर मला पहिल्यांदा माझं शहर उभं-आडवं कळलं. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा रस्ता मी जन्मभर सपाट समजत होते. बस, रिक्षा, स्कूटर कशालाच तो चढ जाणवत नाही. सायकलला पहिल्याच सिग्नलपासून जाणवतो. सिटीप्राइडच्या पुढे, बिबवेवाडीच्या वळणाशी, धनकवडीला, सगळीकडे रस्ता अंगावर येत राहतो आणि डोळ्यांना काही दिसत नाही. एका पहाटे असंच फुफ्फुसं तोंडाशी आणून कात्रजच्या तलावापाशी थांबले आणि एकदम लक्षात आलं की नानासाहेब पेशव्यांनी नेमका हाच उतार वापरला. या तलावाचं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत नेलं, ते पंपाशिवाय, नुसत्या उतारानं. ही गोष्ट मी चौथीत पाठ केली होती आणि गाईड होऊन पाहुण्यांना कितीदा तरी सांगितली होती. पण पाणी ज्या वाटेनं खाली गेलं त्याच वाटेनं स्वतःचं वजन वर ओढून नेल्याशिवाय तो उतार केवढा आहे हे काही मला कळलं नव्हतं.

तलावाच्या पुढे खरा घाट. पहाटे तिथे माझ्यासारखे बरेच असतात. बहुतेक तरुण, काही निवृत्त, एखादी बाई. एकमेकांना ओलांडताना “चला, चला” एवढंच बोलतात. जुन्या बोगद्यात शिरलं की हवा गार होते, मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज चारी बाजूंनी यायला लागतो, आणि मागचा लाल दिवा लावलाय ना हे आठवून हात आपोआप मागे जातो. पलीकडच्या तोंडाशी सगळे थांबतात आणि फोटो काढतात. मी पण काढते. त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. घाट चढून आलेल्या माणसाचा चेहरा बऱ्यापैकी खरा असतो.

अंतर वाढत गेलं ते पायांच्या जोरावर नाही, खाण्यावर. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर नेटानं चालवलं तर दीड-दोन तास पुरते. ती संपली की माणूस थकत नाही, तो बंदच पडतो. डोळ्यांपुढे अंधारी, हातपाय थरथरणार, आणि साधा उड्डाणपूलही चढवत नाही. म्हणून भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. माझ्या पिशवीत चिक्की, केळी, खजूर आणि साखर-मीठ-लिंबाचं पाणी असतं. बाकी लोक परदेशी जेलच्या पुड्या चोखतात. चव घेऊन बघितली. सर्दीचं औषध बरं.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेवेला नाव दिलं तेव्हा घरात कुणाला ब्रेवे म्हणजे काय ते सांगता येईना. ही फ्रेंच लोकांची पद्धत. पॅरिसच्या एका क्लबनं शंभरेक वर्षांपूर्वी घालून दिलेले नियम आज जगभर चालतात, आपल्याकडेही. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. पंक्चर काढा, जेवा, झाडाखाली झोपा, वेळ तुमच्याच खात्यातून जातो. ही शर्यत नव्हे. मुदतीत आले ते सगळे सारखे, पहिला-दुसरा नंबर नाही. वाटेत ठरलेल्या ठिकाणी तुम्ही खरंच पोचलात याचा पुरावा लागतो. त्यासाठी हातात एक कार्ड असतं, त्यावर शिक्का किंवा सही. आणि जिथे शिक्का मारायला माणूस नसतो तिथे आपल्याकडे एक झकास देशी तोड निघाली आहे. एटीएममध्ये जायचं आणि पावती काढायची. तिच्यावर गाव, तारीख, वेळ सगळं छापून येतं.

आमची ब्रेवे होती पुणे ते पाचगणी आणि परत, डिसेंबरातली. सकाळी सहाला अंधारात निघालो. कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो आणि लगेच शिरवळ. शिरवळच्या अलीकडे एका लांब चढावर माझ्या शेजारी एक माणूस आला. काळी जुनी सायकल, पायात चप्पल, हँडलला स्टीलचा डबा. तिकडच्या कुठल्या तरी कारखान्यात पहारेकरी असावा. बोलण्यावरून बिहारकडचा. त्याच्या सायकलीला एकच गिअर आणि वजन माझीच्या दुप्पट. मी माझ्या हलक्या गिअरवर गरागरा पाय फिरवत होते आणि तो उभा राहून, एकेका पायावर सगळं अंग टाकत, माझ्याच वेगानं चढत होता.

“कहाँ से?” त्यानं विचारलं.

“पुणे.”

“ड्यूटी पे?”

“नहीं. पाचगणी जा रहे हैं. वापस भी आना है आज.”

“वहाँ क्या काम है?”

मी हसले. काही काम नाही म्हटलं. तोही हसला, मान हलवली, आणि चढ संपल्यावर डावीकडे आत वळून गेला. त्याच्या ड्यूटीची वेळ झाली असणार. पुढचा अर्धा तास मी बाबांचाच विचार करत होते. त्या माणसाला माझी सायकल दिली असती तर तो मला कुठल्या कुठे मागे टाकून गेला असता. त्याच्या जागी मी असते तर तो चढ हातात सायकल धरून चालत चढले असते. आणि तरी वर्तमानपत्रात “सायकलस्वार” म्हणून फोटो येतो तो आमच्यासारख्यांचा. रात्रपाळीहून परतणारा त्या शब्दात बसत नाही. तो मेला तरच बातमीत येतो, “अज्ञात वाहनाच्या धडकेत”. हे लिहून मी सायकल चालवायची थांबणार नाही. पण महामार्गावर उलट्या बाजूनं, दिव्याविना येणारा सायकलवाला दिसला की आमच्यातले काही जण त्याच्यावर खेकसतात, ते आता माझ्यानं होत नाही. रस्ता ओलांडायला त्याला दुसरी जागा नसते.

खंबाटकीला जाताना घाट चढावा लागला आणि येताना बोगदा मिळाला. ही सोय करणाऱ्याच्या मनात सायकलवाले नव्हते हे उघड आहे. घाट उतरून वेळ्यापुढे सुरूर फाट्याला वळलं की महामार्गाचा आरडाओरडा मागे राहतो आणि वाईपर्यंत दोन्ही बाजूंना जुने वड. इतक्या उन्हातून आल्यावर त्या सावलीचं काय मोल असतं हे गाडीची काच वर करून जाणाऱ्याला सांगून उपयोग नाही. रस्ता रुंद करायचा विषय निघतो तेव्हा या वडांकडे बघणाऱ्यांत दोन तट पडतात. मी कुठल्या तटात आहे हे सांगायला नकोच.

वाईत चहा घेतला. पुढे पसरणीचा घाट. दहा-अकरा किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढ. आकडा ऐकायला भीतीदायक, पण पसरणी हा सज्जन घाट आहे. एकदा चढायला लागला की तसाच चढत राहतो, मध्येच भिंत होऊन उभा राहत नाही. त्यामुळे लय लागते. खाली वाई लहान होत जाते, धोमचं पाणी दिसायला लागतं, आणि प्रत्येक वळणावर ते थोडं जास्त दिसतं. पर्यटकांच्या गाड्यांतून पोरं ओरडून शाबासकी देतात. एका गाडीनं पुढे जाऊन थांबून मला स्ट्रॉबेरी दिल्या. तिथे मला दम, भूक, वेळ, सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी चालू ठेवावा लागत होता आणि त्यामुळे बाकी काही डोक्यात मावत नव्हतं. घरचं आजारपण नाही, ऑफिसातलं राजकारण नाही. लोक याला ध्यान वगैरे म्हणतात. मला तो कारकुनी कामासारखा निवांतपणा वाटतो: समोर एवढंच टेबल, एवढाच कागद.

पाचगणीत शिक्का मारणारं कुणी नव्हतं. एटीएम होतं. पॅडची चड्डी आणि हेल्मेट अशा वेशात रांगेत उभी राहिले. पुढच्या माणसानं दोनदा वळून बघून घेतलं. शिल्लक तपासली, पावती काढली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घामापासून जपली आणि खाली सुटले. उतार म्हणजे आराम, हे तर अजिबात खरं नाही. वीस मिनिटं ब्रेक धरून धरून बोटं आखडतात आणि सगळं लक्ष पुढच्या वळणावरच्या वाळूत असतं.

परतीला वारा समोरून लागला. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर हवा चौपट ढकलते. समोरून वारा असला की आपण हळू जात असूनही हवेला वाटतं आपण फार वेगात आहोत. अशा वेळी रांगेत एकामागे एक राहायचं आणि पुढचा दमला की त्यानं मागे यायचं. शिरवळपासून आम्ही पाच अनोळखी माणसं अशीच आलो. एक दंतवैद्य, एक कॉलेजातला मुलगा, दोघं आयटीतले आणि मी. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. पुढे पाठ दिसते, तिच्यावर भरवसा ठेवून तिच्या चाकापासून हातभरावर आपलं चाक ठेवायचं, हे नात्यातल्या माणसांबरोबरही सहसा होत नाही. कात्रज उलट्या बाजूनं चढलो तेव्हा दिवे लागले होते. मुदतीत पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलंच. या वेळी मी एटीएमची पावती त्यांच्यापुढे ठेवली. “पाचगणीला बँकेचं काम होतं.” त्यांनी चष्मा लावला, पावती वाचली, खालची शिल्लकही वाचली. “एवढ्यासाठी?” म्हणाले. पण ती परत न देता पेपराखाली सरकवली.

आता 300 ची तयारी चालू आहे. वीस तास म्हणजे सकाळी सहाला निघालं तर रात्री दोन. अंधारात चालवायचं, तेव्हा दिवे चांगले हवेत. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची जी मोठी ब्रेवे 1891 साली शर्यत म्हणून सुरू झाली, 1200 किलोमीटर, नव्वद तास, तिच्यातले बरेच जण बॅटरीवर विसंबत नाहीत. पुढच्या चाकाच्या मध्यातच डायनामो बसवतात. हे बाबांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच नीट सरसावून बसले.

“चाकात डायनामो? मग जड जात असेल.”

“जातं, पण कळत नाही म्हणे.”

“आम्हाला कळायचं. टायरला घासायचा ना तो. चढाला पायानं बाजूला करायचा आणि चौकात पोलीस दिसला की परत लावायचा. बत्ती नसली की चाकाची हवा सोडायचे.” मग किंमत विचारली. मी सांगितली. “यापेक्षा कमीत लुना आली होती.”

थोड्या वेळानं म्हणाले, ती सायकल इकडे आण. मी ती खोलीत आणली. त्यांनी बसल्या बसल्या एका हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं पुढचं चाक वरून पकडून डावी-उजवीकडे हलवलं आणि मान तिरकी केली. पाचगणीला जाऊन आलेली, दर आठवड्याला मी पुसून तेल घालते ती सायकल.

“चाकाला खेळ आहे. कोन ढिला झालाय. असंच चालवलंस तर छर्रे खाईल. उद्या आवळून घे, आणि फार घट्ट करू देऊ नकोस त्याला.”

सायकलवाल्यानं चाक हलवून बघितलं, दोन पाने लावले, पाच मिनिटांत काम केलं आणि कुणी सांगितलं म्हणून विचारलं. मी सांगितलं. खडकीवाले असणार, म्हणाला, आणि पैसे घेतले.